साडेचारशे पानांचं गाइड आणि माझी पेन्सिल

पुस्तकाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर प्रकाशनवाले म्हणतील बाईंनी राग काढला, आणि राग काढावा इतकं काही ते वाईट नाही. सीटेट आणि टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षांच्या (पहिली केंद्र सरकारची, दुसरी राज्याची) इंग्रजी उताऱ्यांचं गाइड आहे. साडेचारशे पानं, साठ उतारे, वीस कविता, मागे उत्तरसूची. पुण्याला एका लग्नाला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकात घेतलं. छापील किंमत ३६०, मला २९० ला दिलं. तीन महिने रोज हाताळलंय, बांधणी मधोमध उकललीय, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. २००३ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार मानधनावर. तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. ती आली शिक्षण हक्क कायद्यानंतर, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१० च्या अधिसूचनेनं, आणि सीटेटची पहिली परीक्षा झाली २०११ ला. आपण जुने, आपल्याला काय त्याचं, या समजुतीत बावीस वर्षं निवांत गेली. मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. माझी तेरा वर्षं शिल्लक आहेत. त्या संध्याकाळी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोषण आहाराच्या आकड्यांऐवजी पहिल्यांदाच काहीतरी वेगळं चाललं होतं.

राज्याची टीईटी नोव्हेंबरात दिली, पण ती कथा वेगळी. इथे लिहितेय ते फेब्रुवारीतल्या सीटेटसाठी इंग्रजी आकलनाचा जो सराव केला त्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी पेपर एक. १५० प्रश्न, १५० मिनिटं, चुकलं तर गुण कापत नाहीत, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण. त्यात भाषा एकचे ३० आणि भाषा दोनचे ३० प्रश्न. दोन्हींत निम्मे उताऱ्यांवर, निम्मे अध्यापनशास्त्रावर. आता गंमत अशी की भाषा एकमध्ये एक गद्य उतारा आणि एक कविता असते, भाषा दोनमध्ये दोन्ही उतारे गद्यच. त्यामुळे आमच्याकडची शहाणी माणसं मराठी भाषा एक घेतात आणि इंग्रजी भाषा दोन. कविता यायचीच असेल तर ती मराठीत येऊ दे. मीही तेच केलं. फक्त लक्षात ठेवा, मुख्य पुस्तिकेत हिंदी आणि इंग्रजी एवढंच असतं, मराठीची पुरवणी पुस्तिका वेगळी मिळते.

म्हणजे गाइडमधल्या वीस कविता माझ्या दृष्टीनं वायाच. त्यांचे पैसे मी दिले, ही पहिली तक्रार, पण ती माझ्या खात्यावर टाका.

आता मूळ मुद्दा. या गाइडची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे 'प्रत्येक उताऱ्याचा मराठी अनुवाद'. दुकानात चाळताना मीही त्यालाच भुलले. दहावीपर्यंत मराठी माध्यम, डी.एड. मराठीतून, आणि शाळेत इंग्रजी शिकवते ते पहिली-दुसरीला, म्हणजे 'धिस इज माय नोज' म्हणत नाकावर बोट ठेवायचं. मला अनुवाद हवाच होता. आणि अनुवाद चांगला आहे, हेही सांगते. कुणीतरी जीव लावून केलाय. 'तो मनातल्या मनात खट्टू झाला' असं वाक्य एरवी गाइडमध्ये सापडत नाही.

फक्त तो छापलाय उताऱ्याच्या बरोबर खाली, त्याच पानावर.

पहिले पंधरा दिवस मी खूश होते. सकाळी पाचला उठायचं, चहा ठेवायचा, तो उकळेपर्यंत उतारा वाचायचा आणि मग प्रश्न. दहापैकी नऊ. दहापैकी दहा. दहापैकी नऊ. यांना म्हटलं सुद्धा, अहो, इंग्रजी जमतंय की मला. हे म्हणाले, बरं झालं, वर्तमानपत्र बदलूया का मग. मग एका रविवारी सीटेटची जुनी प्रश्नपत्रिका काढली आणि १२१ ते १५० हे प्रश्न वेळ लावून सोडवले. उताऱ्यांवरच्या पंधरांपैकी सात आले. मला वाटलं पेपर अवघड असेल. दुसरा काढला. आठ.

दोन दिवस काहीच उघडलं नाही. नंतर सहज म्हणून गाइडमधला तिसरा उतारा पुन्हा घेतला, ज्यात मला दहापैकी दहा होते, आणि या वेळी गणवेशाच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापून अनुवादावर ठेवला. सहा आले. तोच उतारा, तेच प्रश्न, पंधरवड्यापूर्वी मीच सोडवलेले.

त्यात एक वाक्य होतं: 'आफ्टर दॅट डे, ही हार्डली स्पोक टू हिज ब्रदर.' प्रश्न होता की त्या दिवसानंतर तो भावाशी कसा वागला. मी बेधडक पर्याय निवडला की भावाला कठोर बोलला. हार्ड म्हणजे कठीण, त्याला ली लावलं, झालं कठोरपणे. पुठ्ठा उचलला तर खाली स्वच्छ लिहिलेलं, 'त्यानंतर तो भावाशी फारसा बोललाच नाही'. पहिल्या वेळी मी हे उत्तर बरोबर दिलं होतं, कारण माझे डोळे खाली मराठीवर जाऊन आले होते आणि मला कळलंही नव्हतं. बावीस वर्षांत 'हार्डली' हा शब्द मी किती वेळा पाहिला असेन आणि किती वेळा उलटा वाचला असेन, देव जाणे. आमच्या वर्गात पोरं चित्र बघून 'कॅट' वाचतात तेव्हा मी चित्रावर हात ठेवते. 'आता वाच.' अगदी तेच इथं चाललं होतं, फक्त हात ठेवायला कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून पुठ्ठा कायमचा पुस्तकात. अजून आहे. त्यावर गणवेशाचा साइज २८ लिहिलाय.

पुठ्ठ्यानंतर गाइड वेगळंच दिसायला लागलं. उतारे बहुतेक साधे आहेत. प्रामाणिक लाकूडतोड्या, झाडाचं महत्त्व, वेळेचं महत्त्व, एका राजाचे तीन मुलगे. प्रश्न सरळ: कोण गेलं, कुठे गेलं, काय आणलं. उत्तर उताऱ्यात शब्दाला शब्द सापडतं, बोट फिरवलं की झालं. सीटेटचे उतारे तसे नसतात. शिक्षण, पर्यावरण, विज्ञान, कुठल्यातरी प्रवासाचं वर्णन, आणि प्रश्नात 'लेखकाला काय सुचवायचंय', 'हा सूर कसला आहे'. दोन विधानं देतात आणि विचारतात, पहिलं बरोबर की दुसरं की दोन्ही. उताऱ्यातल्या शब्दाचा 'इथला' अर्थ विचारतात, शब्दकोशातला पहिला नव्हे. अधोरेखित शब्द नाम आहे की क्रियापद आहे तेही. उत्तर कुठल्या एका ओळीत नसतं, तीन ओळींच्या मधे कुठेतरी असतं. गाइडच्या साठ उताऱ्यांत या पातळीचे मला बारा-तेरा सापडले, शेवटच्या भागात. प्रकाशकांनी शेवटून सुरुवात करा असं पहिल्या पानावर छापलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

इथला अर्थ म्हटलं म्हणून एक किस्सा. उतारा क्रमांक ३७. गावात विहीर खणायची की नाही यावर बैठक बसते आणि 'द एल्डर्स फायनली सँक्शन्ड द वेल'. प्रश्न: सँक्शन्डचा अर्थ काय? पर्याय: दंड केला, मंजुरी दिली, लांबणीवर टाकलं, चर्चा केली. उत्तरसूचीत 'दंड केला'. खाली स्पष्टीकरणही होतं: सँक्शन म्हणजे निर्बंध, शिक्षा. शब्दाला तोही अर्थ आहेच, बातम्यांत एखाद्या देशावर सँक्शन्स लादले म्हणतात ते तेच. पण पंच विहिरीला दंड कसा करतील? ज्या बाईनं वैद्यकीय रजा सँक्शन होण्याची सव्वा वर्ष वाट पाहिलीय तिला हा शब्द शिकवायला उत्तरसूचीची गरज नाही. आमच्या पंचायत समितीच्या कार्यालयात शिपायालासुद्धा माहीत आहे सँक्शन म्हणजे काय.

तिथं मी पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली. उत्तर खोडलं, शेजारी बरोबर उत्तराचा आकडा लिहिला, आणि पुढे चुका शोधायचा नादच लागला. साठ उताऱ्यांच्या उत्तरसूचीत एकतीस ठिकाणी खूण केली. काही छपाईच्या चुका, म्हणजे स्पष्टीकरण बरोबर आणि आकडा भलताच. काही ठिकाणी प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर. एका उताऱ्याला चक्क पुढच्याच उताऱ्याची सूची चिकटवलेली. गाइडच्या मागच्या पानावर 'चुका कळवा' म्हणून नंबर आहे, त्यावर दोनदा मेसेज टाकला, दोन निळ्या टिका आल्या आणि विषय संपला. सीटेटच्या अधिकृत उत्तरसूचीवर निदान हरकत घेता येते, एका प्रश्नाला हजार रुपये भरून. हरकत मान्य झाली तर पैसे परत. इथे मी २९० भरलेत आणि हरकत घ्यायची कुणाकडे?

पण मला वाटतं, आकलन मी शिकले ते या चुकांमुळेच. बरोबर उत्तर बघून मान डोलवण्यात काही जात नाही. 'हे चूक आहे' म्हणायचं तर उताऱ्यात परत जावं लागतं, ओळ शोधावी लागते, बाकीचे तीन पर्याय का नाहीत हे स्वतःला सांगावं लागतं. हे गाइड तेवढंच करत नाही: चूक पर्याय चूक का, याबद्दल एक अक्षर नाही. 'उत्तर: ३' आणि पुढचा प्रश्न. आकलनाच्या पुस्तकात हे नसेल तर आहे काय?

मध्ये एका अॅपची टेस्ट सिरीजही घेतली, ४९९ ला. मुलानं मोबाइलवर टाकून दिलं. प्रश्नांची पातळी बरी, उत्तरांची स्पष्टीकरणं गाइडपेक्षा खूपच चांगली, चारही पर्यायांवर बोलतात. पण माझं जमलं नाही. मोबाइलच्या पडद्यावर उतारा वर आणि प्रश्न खाली, वर जा खाली ये करताना ओळ हरवते. बोट फिरवत वाचायची सवय, तर बोट लागलं की पडदाच सरकतो. शिवाय परीक्षा कागदावर, ओएमआरवर गोळे रंगवायचे. आणि त्या अॅपची सूचना दुपारी अडीचला वाजते, वर्गात. 'तुमची रँक घसरली आहे!' तिसरीतल्या एका पोरानं वाचून दाखवली. तरुण उमेदवारांना चालेल हे अॅप, पंचेचाळिशीतल्या चष्म्याला नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या जुन्या प्रश्नपत्रिका. सीटेटच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अख्ख्या छापायची गरज नाही, मुख्य पुस्तिकेतला भाग चार आणि भाग पाच तेवढा काढा. पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून सहा पेपरांचे तेवढेच भाग काढून घेतले, दीडशे रुपयांच्या आत झालं. भाग चार म्हणजे भाषा एक, तिथला गद्य उतारा मलाही सरावाला चालतो. कविता सोडून द्यायची, मला तरी.

अभ्यास कसा केला तेही सांगते, कारण गाइडमध्ये सुरुवातीला दोन पानं 'उतारा सोडवण्याच्या युक्त्या' आहेत आणि त्यातली पहिली युक्ती माझ्या कामी आली नाही. ते म्हणतात, आधी प्रश्न वाचा, मग उत्तरं शोधत उतारा वाचा. करून पाहिलं. इंग्रजी सराईत असेल त्याला जमत असेल. मला नऊ प्रश्न वाचून होईपर्यंत पहिला विसरतो, आणि उतारा वाचताना नुसती शोधाशोध होते, गोष्ट डोक्यात शिरत नाही. मग सुराच्या, सुचवलेल्या अर्थाच्या प्रश्नाला हात चोळत बसायचं. मी उलटं करते. उतारा एकदा सलग वाचायचा, अडलेल्या शब्दावर न थांबता. प्रत्येक परिच्छेद झाला की समासात मराठीत दोन-तीन शब्द: 'जंगल का कमी', 'गावकरी नाराज', 'पण उपाय आहे'. मग प्रश्न. या दोन-तीन शब्दांनी माझे निम्मे प्रश्न सुटतात. गोष्ट मराठीत धरून ठेवायची, पण वाक्य इंग्रजीतच वाचायचं. खाली छापलेला अनुवाद आणि मी स्वतः लिहिलेले तीन शब्द यात फरक पडतो.

विनोद असा की हेच सगळं त्याच पेपरात अध्यापनशास्त्राच्या पंधरा प्रश्नांत विचारतात. स्किमिंग म्हणजे काय, स्कॅनिंग म्हणजे काय. ते मला तोंडपाठ होतं, पैकीच्या पैकी यायचे. सार कळण्यासाठी भरभर नजर टाकणं ते स्किमिंग, आणि एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात फक्त कोरेगावची गाडी शोधणं ते स्कॅनिंग. व्याख्येला पूर्ण गुण, आणि दहा मिनिटांपूर्वी उताऱ्यात मी अख्ख्या उताऱ्याला कोरेगावच्या गाडीसारखं वाचलेलं.

वेळेचं म्हणाल तर १५० मिनिटांत १५० प्रश्न, म्हणजे हिशेबानं पंधरा प्रश्नांना पंधरा मिनिटं. सुरुवातीला मला एका उताऱ्यालाच वीस लागायची. आता दोन्ही उतारे मिळून अठरा-एकोणीसपर्यंत आलेय. वरची तीन-चार मिनिटं परिसर अभ्यासातून उसनी घेते, तिथे मला विचार करावा लागत नाही. गुण सध्या अकरा ते तेराच्या मध्ये आहेत. एकदा चौदा आले, त्या दिवशी निवडणुकीच्या कामाचं पत्र आलं, तेव्हा आनंदाला फारसा वाव मिळाला नाही.

तर गाइड घ्यावं का? पाचपैकी अडीच तारे देते. त्यातला एक अनुवादाच्या मराठीला, एक शेवटच्या बारा-तेरा उताऱ्यांना, अर्धा कागदाला, कारण पेन्सिलीनं खोडून पुन्हा लिहिलं तरी फाटत नाही. ज्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच पहिल्या इयत्तेपाशी थांबलंय त्यांनी घ्यावं, पण शेवटच्या उताऱ्यांपासून सुरुवात करावी आणि पुठ्ठा आधी कापावा. ज्यांना बऱ्यापैकी वाचता येतं त्यांनी पैसे वाचवून झेरॉक्सवाल्याकडे जावं. नवी आवृत्ती निघाली असेल तर आधी ३७ क्रमांकाची विहीर बघा. पंच अजून दंड करत असतील तर ठेवून द्या.

एक कबुली राहिली. आमच्या केंद्रातल्या एका सरांनी मागच्या महिन्यात माझ्याकडून उत्तरसूचीच्या पानांचे फोटो मागवले, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. मी पाठवले. त्यांनी ग्रुपवर टाकले. दोन-चार दिवसांत शेजारच्या केंद्रातून कुणा बाईंचा फोन: तुमची दुरुस्त केलेली सूची मिळाली, फार उपकार झाले. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात उजळणी करताना उतारा ५२ वर आले. 'शी कॉट द अर्ली बस.' अर्ली हा शब्द कोणत्या जातीचा? छापील उत्तर: विशेषण. मी ते पेन्सिलीनं खोडून क्रियाविशेषण केलं होतं. शेवटी ली आहे ना, ली लागलं की क्रियाविशेषण, डी.एड.पासूनचं पाठांतर. या वेळी का कोण जाणे थांबले. कसली बस? अर्ली बस. बसबद्दलच सांगतोय की शब्द. शब्दकोश काढला. विशेषण. गाइड बरोबर, बाई चूक. तीच 'ली', जिनं 'हार्डली'त आपटलं होतं. लगेच सगळ्या एकतीस खुणा पुन्हा तपासल्या, आणखी एक चुकीची निघाली.

सरांना फोन केला. म्हटलं, सर, ५२ आणि १९ मधली माझी दुरुस्ती चुकलीय, ग्रुपवर कळवा. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "कळवतो बाई. पण मग विहिरीचं काय करायचं? तीही तुमचीच खूण आहे."